राक्षसाचा पत्ता

अकलोलीच्या कुंडात पहिल्यांदा पाय घालणारा माणूस तो हमखास मागे घेतो. पाण्याचा चटकाच तसा असतो. मग आधीपासून गळ्यापर्यंत बुडून बसलेलं कुणीतरी सांगतं, "एकदम उतरू नका काका, आधी पायांवर पाणी मारा, मग सोसतं." थंडीतल्या सकाळी पाण्यावर वाफ धरलेली असते आणि गंधकाचा वास नाकात बसतो. पायऱ्यांवर पिळलेले पंचे, साबणाच्या वड्या, घरी न्यायला भरून ठेवलेल्या बाटल्या. कुणाला संधिवात असतो, कुणाला खरूज, कुणी नुसतंच वज्रेश्वरी देवीच्या दर्शनाआधी अंग धुवायला आलेलं असतं. पाणी गरम कसं, असं विचारलं तर दोन उत्तरं मिळतात. तरुण म्हणतात, जमिनीत गंधक आहे. म्हातारी माणसं म्हणतात, देवीनं राक्षस मारले, त्यांचं रक्त आहे हे.

वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी ही सगळी ठिकाणं भिवंडी तालुक्यातली, तानसा नदीच्या काठची. मुंबईच्या माणसाला हे सहसा ठाऊक नसतं. त्याच्या लेखी भिवंडी म्हणजे लूमचा खडखडाट, नाशिक हायवेवरची गोदामं आणि ट्रॅफिक. पण याच तालुक्यात कलिकाल नावाचा राक्षस नांदत होता. त्यानं वडवलीच्या परिसरातल्या ऋषींना छळलं, वसिष्ठांनी यज्ञ केला, इंद्रानं रागानं वज्र फेकलं, देवीनं ते गिळलं आणि मग तिनं राक्षसांचा निःपात केला, अशी कथा आहे. चिमाजी अप्पांनी वसईच्या मोहिमेत या देवीला नवस केला. मे १७३९ मध्ये वसईचा किल्ला पडला आणि नवसाप्रमाणे टेकडीवर देऊळ उभं राहिलं. त्याचा दरवाजा किल्ल्याच्या दरवाजासारखा आहे, वर नगारखाना आहे. बावन्न पायऱ्या चढताना एका पायरीवर सोनेरी कासव दिसतं. वडवली गावाला लोक पुढे देवीच्याच नावानं ओळखू लागले.

तरुणांचं गंधकाचं उत्तरही पुरतं नाही. पाणी तापतं ते खोलीमुळे. कोकणच्या काळ्या कातळात उत्तर-दक्षिण भेगा आहेत. पावसाचं पाणी त्यांतून खोल जातं, तिथल्या उष्णतेनं तापतं आणि दुसऱ्या वाटेनं वर येतं. म्हणून पालघरच्या सातिवलीपासून खाली उन्हवरे, तुरळ, राजापूरपर्यंत उन्हाळ्यांची, म्हणजे गरम झऱ्यांची, एक माळच लागते. पण मला इथे वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. जमिनीत काहीतरी विलक्षण दिसलं की लोक तिथे राक्षस ठेवतात, आणि ठेवतात तो नेमक्या जागी ठेवतात. कलिकाल कुंडापाशी आहे. तो भिवंडीच्या बाजारपेठेत हिंडत नाही.

नॉर्वेच्या लोकांनीही हेच केलं. त्यांच्याकडे ट्रोल. रोम्सडाल नावाच्या दरीत सुमारे हजार मीटर उंचीचा सरळसोट कडा आहे, त्याचं नाव ट्रोलवेगन, म्हणजे ट्रोलची भिंत. वरच्या सुळक्यांबद्दल सांगतात की ट्रोलांचं वऱ्हाड लग्नाला निघालं होतं, वाटेत उजाडलं आणि सूर्य पाहताच सगळे दगड झाले. त्या सुळक्यांत एक नवरा आहे आणि एक नवरी. आता भिवंडीहून पूर्वेला शहापूरकडे पाहा. आसनगावजवळचा माहुली गड दिसतो, आणि त्याच्या सुळक्यांची नावं आहेत नवरा, नवरी, करवली, भटोबा. गिर्यारोहक ही नावं रोज घेतात. हजारो कोसांवरच्या दोन डोंगरांवर तेच थिजलेलं वऱ्हाड उभं आहे, हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा अंगावर काटा आला.

आज चित्रात दिसणारा ट्रोल, लांब नाकाचा, शेपटीचा, डोक्यावर झाडं उगवलेला, हा बराचसा एकोणिसाव्या शतकातला आहे. आस्ब्यर्नसेन आणि मू या दोघांनी १८४० च्या दशकात नॉर्वेतल्या लोककथा गोळा करून छापल्या. पुलाखाली बसून तीन बोकडांना अडवणारा ट्रोल त्यातलाच. थेओडोर किट्टेलसेन या चित्रकारानं त्यांना चेहरे दिले, इब्सेननं १८६७ च्या ‘पेअर ग्युंट’ नाटकात डोंगरातल्या ट्रोलराजाचा दरबार भरवला. जुन्या आइसलँडी ग्रंथांतला ट्रोल इतका ठसठशीत नाही. तो कधी राक्षस, कधी मेलेला माणूस, कधी चेटूक करणारी बाई. तेराव्या शतकातल्या स्नोरी स्तुर्लुसोनच्या ग्रंथात एक प्रसंग आहे. ब्रागी नावाचा कवी रात्री उशिरा रानातून चालला आहे. वाटेत ट्रोलीण भेटते आणि पद्यात विचारते, कोण जातोय? आपल्याला लोक काय काय म्हणतात तेही ती सांगते. ब्रागीही पद्यातच आपण कोण ते सांगतो. बस, एवढंच. रानातल्या अंधारात दोघांनी एकमेकांना ओळख दिली. हा प्रसंग मी पुन्हा पुन्हा वाचतो, कारण पुढे जे सांगायचं आहे त्याचा उलटा आरसा त्यात आहे.

आपल्याकडच्या भुतांचे पत्ते तर पोस्टमनला पाठ असावेत इतके पक्के. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन म्हटलं की मराठी माणसाला अनंत कान्हेरे आठवतात, २१ डिसेंबर १९०९ ची रात्र आणि विजयानंद थिएटर आठवतं. याच जॅक्सननं मुंबई इलाख्यातल्या शाळामास्तरांकडे प्रश्नावली पाठवून गावोगावच्या समजुतींची माहिती मागवली होती. त्याच्या मृत्यूनंतर एन्थोवेननं ती संपादित केली, आणि कोकणचा भाग १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला. पगार तुटपुंजा असलेल्या त्या मास्तरांनी आपापल्या गावची भुतं किती मन लावून लिहून पाठवली! मुंजा पिंपळावर, सोडमुंज होण्याआधी गेलेला बटू. गिऱ्हा पाणवठ्याला, बुडून मेलेला, रात्री वाटसरूला उथळ पाण्याचा भास दाखवून खोलात नेणारा. आसरा डोहात. चकवा रानवाटेवर, माणसाला रात्रभर त्याच जागी फिरवणारा. समंध, खवीस, हडळ, जखीण, झोटिंग, आगरी-कोळी पट्ट्यातला चेडा. प्रत्येकाची जागा ठरलेली, वेळ ठरलेली, मागणं ठरलेलं. नारळ, कोंबडा, दहीभात, लिंबू. तेवढं दिलं की वाट मोकळी.

वेताळ तर भुतांचा राजा असूनही गावाच्या चाकरीला लागलेला. शिवेवर शेंदूर फासलेला अनघड दगड, भोवती लहान दगडांचं रिंगण, ते त्याचं सैन्य. वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीचा वेतोबा हे याचं सर्वांत देखणं रूप. नऊ फुटांच्या आसपास उंचीची मूर्ती, नवसाला केळ्यांचे घड आणि चामड्याच्या चपला. चपला साध्या नाहीत, हातभर लांबीच्या, जाड तळाच्या, चांभाराकडून मुद्दाम करून आणलेल्या. भाविक त्या देवळात ठेवतात आणि काही काळानं त्यांचे तळ झिजलेले दिसतात असं सांगतात. वेतोबा रात्री गस्त घालतो, म्हणून झिजतात. देवळात ओळीनं मांडलेल्या त्या चपला ज्यानं पाहिल्या असतील त्याला त्यामागची माया कळेल. ज्याला घाबरायचं तोच आपल्यासाठी रात्रभर चालतो, त्याचे पाय दुखू नयेत म्हणून वहाणा करून द्यायच्या.

भिवंडीच्या भोवतालच्या आगरी गावांनाही शीव होती, शिवेवर दगड होता, गावदेवी होती. आता भातखाचरांवर गोदामं उभी आहेत. एका गोदामाची भिंत संपते तिथे दुसऱ्याची सुरू होते. गाव कुठे संपलं हे सांगणारा शेंदराचा दगड कुठे कुठे कंपाउंडच्या आत अडकलेला दिसतो, ट्रकच्या मागच्या चाकापासून हातभर अंतरावर. दगडाला अजून कुणी तेल घालतं. शीव मात्र राहिलेली नाही.

पण भुताखेतांच्या जगाबद्दल एवढं प्रेमानं बोलून थांबणं बरोबर होणार नाही. भूत पिंपळावर, डोहात, शिवेवर असतं तोवर ठीक. ज्या दिवशी गाव म्हणतं की भूत अमुक बाईच्या अंगात आहे, त्या दिवशी माणूस मरतो.

ठाणे-पालघरच्या वारली पाड्यांत तिला भुताळी म्हणतात, नंदुरबारच्या सातपुड्यात डाकीण. मूल आजारी पडलं, गाय दगावली, की भगत तांदूळ पाहून नाव काढतो. नाव बहुतेक वेळा एकट्या बाईचं निघतं, विधवेचं, जिच्या नावावर जमिनीचा तुकडा आहे तिचं, उलट बोलणारीचं. मग मारहाण, गावाबाहेर काढणं, कधी खून. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झटले त्याचा वटहुकूम त्यानंतर काही दिवसांतच निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. करणी केली, जादूटोणा केला असं म्हणून एखाद्याला छळणं आता महाराष्ट्रात गुन्हा आहे.

ट्रोलांच्या देशातही नेमकं हेच झालं. नॉर्वेजियन भाषेत चेटकाला ट्रोलडोम म्हणतात. डोंगरातला ट्रोल माणसाच्या अंगाला चिकटला की त्याचं ट्रोलडोम होतं. सतराव्या शतकात फिनमार्क या उत्तर टोकाच्या प्रांतात त्या आरोपाखाली ९१ माणसांना मारण्यात आलं, बहुसंख्य बायका, काही सामी जमातीचे पुरुष. वादळात होड्या बुडाल्या की कुणीतरी ते वादळ उठवलं असणार, असा हिशेब होता. वार्डो गावाच्या समुद्रकिनाऱ्यावर २०११ मध्ये त्यांचं स्मारक झालं. पेटर त्सुमटोर या वास्तुकारानं तिथे एक लांबलचक अरुंद दालन बांधलं. त्यात ९१ लहान खिडक्या, प्रत्येक खिडकीत एक दिवा आणि त्या त्या माणसावरच्या खटल्याची हकिगत. ज्यांना एकाच शब्दाखाली जाळलं, त्यांना एकेक करून पुन्हा नाव दिलं. असं दालन आपल्याकडे हवं असं मला मनापासून वाटतं, पालघरला किंवा नंदुरबारला.

आज मोबाइलवर शिव्या घालणाऱ्यालाही ट्रोल म्हणतात, पण हा ट्रोल मुळात त्या डोंगरातून आलेला नाही. चालत्या होडीमागे आमिष लावलेली दोरी सोडून मासा ओढायच्या पद्धतीला इंग्रजीत ट्रोलिंग म्हणतात. १९९० च्या आसपास संगणकावर गप्पा मारणारी मंडळी नवख्यांना चिडवायला असं आमिष टाकत, तिथून ते क्रियापद रुजलं आणि मग डोंगरातल्या राक्षसाचा चेहरा त्याला आपोआप चिकटला. मराठी वर्तमानपत्रांनी ‘जल्पक’ शब्द आणला, बोलण्यात मात्र ‘ट्रोल केलं’, ‘लय ट्रोल झाला’ हेच राहिलं.

आजच्या ट्रोलला पिंपळ नाही, डोह नाही, अवस नाही, उतारा नाही. तो भाजीवालाही असेल, इंजिनियरही असेल, पगारी नोकरही असेल, त्याचं नाव खोटं आणि चेहरा फुलाचा किंवा सिनेनटाचा. त्याचं आवडतं सावज मात्र शतकानुशतकं तेच आहे, बाई. ठाणे-रायगड पट्ट्यात शिलाहारांच्या काळातले गधेगाळ नावाचे कोरीव दगड सापडतात. वर चंद्र-सूर्य, मध्ये दानाचा लेख, खाली गाढव आणि बाई. हे दान मोडणाऱ्याच्या आईला ही शिवी, असा त्याचा अर्थ. गुन्हा पुरुषाचा आणि विटंबना बाईची. एखाद्या पत्रकार मुलीनं किंवा अभिनेत्रीनं दोन ओळी लिहिल्यावर खाली ज्या शिव्या पडतात, त्यांत आठशे-नऊशे वर्षांत फारसं काही बदललेलं नाही. एवढंच की शिलाहार राजा लेखात आपलं नाव कोरत असे.

या नव्या राक्षसाचे खोल ओरखडे महाराष्ट्रातच उमटले आहेत, त्यांतले काही तर भिवंडीच्या आसपास. नोव्हेंबर २०१२, पालघर. तेव्हा ते ठाणे जिल्ह्यातच होतं. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल एका तरुणीनं फेसबुकवर प्रश्न विचारला, तिच्या मैत्रिणीनं तो लाइक केला. पडद्यावरचा संताप पडद्यावर राहिला नाही. तरुणीच्या काकांच्या दवाखान्याची तोडफोड झाली आणि अटक झाली ती या दोघींना. त्या अटकेनं अस्वस्थ होऊन श्रेया सिंघल ही कायद्याची विद्यार्थिनी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २४ मार्च २०१५ ला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ अ हे कलम रद्द झालं.

१ जुलै २०१८, रविवार, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज महिनाभर फोनवर फिरत होते. मंगळवेढ्याकडून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे भिक्षेकरी बाजारात एका लहान मुलीशी बोलले. गर्दी जमली. पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारलं. ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या दारोदार फिरत आली. एके काळी गावाला ती तोंडओळखीनं माहीत असत, त्यांच्या येण्याचे दिवस माहीत असत. फोननं त्यांना एका दिवसात राक्षस केलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअपनं भारतात मेसेज पुढे पाठवण्यावर पाच चॅटची मर्यादा घातली.

१६ एप्रिल २०२०, पालघर जिल्ह्यातलं गडचिंचले. टाळेबंदी, रात्रीची गस्त, चोर आणि मुलं पळवणाऱ्यांच्या अफवा. कांदिवलीहून सुरतला अंत्यसंस्काराला निघालेले दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक जमावानं मारले. आणि मग तिथेच दुसरी अफवा जन्मली. मारणारे मुसलमान होते, असं देशभर फिरू लागलं. शेवटी गृहमंत्री अनिल देशमुखांना अटक झालेल्या १०१ जणांची यादीच जाहीर करावी लागली, त्यात एकही मुसलमान नाही हे दाखवायला. पहिल्या अफवेनं तिघांचा जीव घेतला होता. दुसरीनं किती घेतले असते, हे भिवंडीच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

कारण भिवंडीनं ते दोनदा भोगलं आहे. ७ मे १९७०, शिवजयंतीची मिरवणूक आणि दंगल. न्यायमूर्ती मदन यांच्या आयोगानं भिवंडीसह जळगाव आणि महाडच्या दंगलींची चौकशी केली. मे १९८४ मध्ये पुन्हा, आणि ती आग ठाण्या-मुंबईपर्यंत गेली, शेकडो माणसं गेली. तेव्हा मोबाइल नव्हता, पण ‘त्यांच्या’ मोहल्ल्यात काय चाललंय हे ‘आपल्या’ मोहल्ल्यात सांगणारी तोंडं होती. लूमवर ताणा हिंदूचा असो की मुसलमानाचा, कापड एकच निघतं, हे सगळ्यांना माहीत होतं. तरी रात्री पलीकडच्या गल्लीत राक्षस जमलेत यावर दोन्हीकडची माणसं विश्वास ठेवत होती.

१९८८ मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले. त्यांनी केलेलं काम ऐकायला अगदी साधं आहे. मोहल्ल्या-मोहल्ल्यात समित्या केल्या, दोन्ही समाजांची माणसं एका सतरंजीवर बसवली, आणि त्या भागाची जबाबदारी ठरावीक पोलिसांवर टाकली. प्रतिष्ठितांपेक्षा साध्या माणसांना त्यांत जागा दिली. सुरुवातीला गटार, नळ, भाडेकरूंची भांडणं हेच विषय. भांडणं मिटवता मिटवता माणसं एकमेकांना नावानं हाक मारू लागली. ‘तिकडे हत्यारं जमवलीत’ अशी बातमी आली की ‘तिकडच्या’ एका ओळखीच्या माणसाला विचारता येऊ लागलं. ६ डिसेंबर १९९२ ला बाबरी मशीद पाडली गेली. मुंबई डिसेंबरात पेटली, जानेवारीत पुन्हा पेटली. भिवंडी, जिचं नाव दंगलीशी जोडलेलं होतं, ती शांत राहिली. मुंबईत असा प्रयत्न १९९४ मध्ये माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो, तत्कालीन आयुक्त सतीश साहनी आणि सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांनी सुरू केला, दंगल होऊन गेल्यावर.

भिवंडीचं हे यश कायमचं ठरलं नाही. जुलै २००६ मध्ये कब्रस्तानाजवळच्या पोलीस ठाण्याच्या जागेवरून हिंसाचार झाला, गोळीबारात माणसं गेली, आणि दोन पोलीस शिपायांना जमावानं मारलं. ओळख एकदा करून ठेवली की टिकते, असं नसतं. ती दर आठवड्याला त्याच सतरंजीवर पुन्हा करावी लागते. रात्रीच्या रानात ट्रोलिणीनं ब्रागीला जे विचारलं, तेच एकमेकांना विचारत राहावं लागतं.

आणि १९८८ ची भिवंडी आता राहिलेली नाही. तेव्हा समितीत बसणारा माणूस त्याच गल्लीत जन्मलेला किंवा निदान वीस वर्षं लूम चालवलेला असे. आज गोदामात पेट्या चढवणारा मुलगा बिहारमधून, ओडिशातून येतो, आगरी गावातल्या चाळीत एका खोलीत सहा जणांबरोबर राहतो, ठेकेदार बदलला की दुसरीकडे जातो. दुकानदाराला त्याचं नाव माहीत नसतं, खोलीवाल्याकडे असते ती आधार कार्डाची झेरॉक्स. उद्या गावाच्या ग्रुपवर मुलं पळवणाऱ्यांचा मेसेज आला, तर रस्त्यात अडवला जाणारा तोच असणार. भिवंडीत मोहल्ला समित्या पुन्हा बसवायच्या असतील, आणि त्या बसवल्याच पाहिजेत, तर हमालांना, टेम्पोवाल्यांना, एका खोलीत सहा जण राहणाऱ्यांना त्यांत घ्यावं लागेल. बैठक त्यांची पाळी सुटल्यावर, रात्री नऊनंतर ठेवावी लागेल.